गुरम्माच्या दारातून सतरा जण

भागवत गुरुजींची बदली निलंग्याला झाली. त्याचं शाळेला किती वाईट वाटलं कोण जाणे, पण देगलूरच्या चन्नबसप्पाच्या पेंडीच्या दुकानापुढच्या ओट्यावर मात्र सुतक आल्यासारखं झालं. त्या ओट्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी पाच मित्र जमायचे. आता उरले चार, आणि चौघांत खेळाला मजा नव्हती.

खेळ असा होता. गावातल्या कॉलेजच्या मैदानावर हिवाळाभर दर रविवारी फुटबॉलचे सामने व्हायचे. आसपासच्या गावांचे आठ संघ. ओट्यावरच्या मंडळींपैकी कुणीच खेळत नसे, पन्नाशीच्या पोटांना ते झेपलंही नसतं. ते बसल्या जागेवरून खेळायचे. आठ संघांतून ज्यानं त्यानं आपले पाच खेळाडू निवडायचे, एकाचा खेळाडू दुसऱ्याला नाही. रविवारी आपल्या माणसानं गोल केला की पाच गुण, गोलकीपरनं गोल अडवला की दोन, आणि संघ खेळत असून आपला माणूस मैदानात उतरलाच नाही तर तीन कापायचे. शुक्रवारी दिवे लागेपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता यायची. तिला सगळे सौदा म्हणत.

"गुरुजींच्या जागी कोण?" रामकिशननं विचारलं. समोरचं झेरॉक्सचं दुकान त्याचं, आणि खेळाचे नियमही त्याचेच.

आतून चहाचा ट्रे घेऊन गुरम्मा आली. चन्नबसप्पाची बायको.

"मी हाय की," ती म्हणाली. "तुमच्यासाठी चहा करते दर शुक्रवारी. सगळं ऐकून राहिले चार वर्षं."

रामकिशन हसला. "वहिनी, ऑफसाइड म्हंजे काय, सांगा बरं."

"ते मला न्हाई माहीत. पण पळता पळता पोरांचा कोणता सांधा सरकतो ते माहीत हाय."

सगळे खो खो हसले आणि हसता हसता तिला घेऊन टाकलं. तिच्या बोलण्यात काय होतं ते त्या वेळी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

गुरम्मा हाडं बसवायची. विद्या बापाची, हाणेगावची. लचक, मुरगळा, निखळलेला खांदा, सरकलेलं बोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. मोडलं असेल तर ती बोटांनी चाचपूनच ओळखायची आणि लेपाला हातही न लावता सांगायची, "फोटो काढून ये, डॉक्टरकडं जा. हे माझं काम न्हाई." त्यामुळं डॉक्टर मंडळीही तिच्याबद्दल वाईट बोलत नसत. आणि फुटबॉलची सगळी पोरं दुखलं खुपलं की तिच्याकडंच यायची, तीही मागच्या दारानं. कप्तानाला कळलं तर तो संघाबाहेर बसवेल, ही धास्ती.

तिच्या वाट्याला गुरुजींचे उरलेले पाच आले. चार नुसते नावाला. पाचवा तेवढा बिनीचा, देगलूरचा व्यंकटी. टायरच्या दुकानात काम करायचा आणि मैदानात वाऱ्यासारखा सुटायचा.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, हाच व्यंकटी मागच्या दारी येऊन उभा राहिला. घोटा वांग्यासारखा सुजलेला. गुरम्मानं करडईचं तेल कोमट केलं, पाय मांडीवर घेतला, दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू सांधा चाचपला.

"दहा दिवस पळायचं न्हाई."

"अक्का, परवा उदगीरबरोबर मॅच हाय! कप्तानाला सांगू नका. मी पट्टी बांधून खेळतो."

"मी कशाला सांगू? पण तू खेळशील तर लंगडा होशील."

तो गेला. संध्याकाळ झाली. ओट्यावर मंडळी जमली, आणि गुरम्माच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. हे असं काही आपल्याला होईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले आणि अगदी भोळ्या तोंडानं म्हणाली, "रामकिशनभाऊ, तुमचा तो बिलोलीचा गोलकीपर द्या मला. शिवांश. त्याच्या बदल्यात व्यंकटी घ्या."

रामकिशनला चहाचा ठसका लागला. गोलकीपर देऊन व्यंकटी मिळतोय? त्यानं ती विचार बदलेल या भीतीनं चहा खाली ठेवायच्या आधीच मोबाइलच्या ग्रुपवर सौदा टाकून दिला.

आणि मग त्याला राहवलं नाही. शनिवारी दिवसभर, झेरॉक्सला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत राहिला. गुरम्मावहिनींनी व्यंकटीला सोडला, काय ही बाईमाणसाची अक्कल! ते ऐकणाऱ्यांत देगलूरचा कप्तानही होता. पण कप्तान रामकिशनपेक्षा हुशार निघाला. गुरम्मा व्यंकटीला सोडते म्हणजे गुरम्मानं त्याचं काहीतरी बघितलंय. रविवारी सगळ्या मैदानासमोर त्यानं व्यंकटीला बूट काढायला लावला, घोटा बघितला आणि बाहेर बसवला.

रामकिशनचे तीन गुण कापले गेले. बिलोलीच्या गोलकीपरनं पाच गोल अडवले, गुरम्माला दहा गुण मिळाले. चन्नबसप्पानं कौतुकानं बायकोकडं बघितलं. ती काही हसली नाही.

सोमवारी व्यंकटी आला. या वेळी पुढच्या दारानं. त्यानं आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. उंबऱ्याशी उभा राहून एवढंच म्हणाला, "अक्का, पाय तुमच्या हातात दिला होता."

चूक झाली, असं गुरम्मा दोनदा म्हणाली. त्याला बसवलं, घोट्याला लेप लावला, आणि दिवसभर तिला जेवण गोड लागलं नाही. बापानं चाळीस वर्षं हाणेगावात हाडं बसवली, पण कुणाचं दुखणं बापाच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. आणि आपण ते काय मिळवायला बाहेर काढलं, तर दहा गुण!

शुक्रवारी तिनं ओट्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. "आजपासून माझा एक नियम. ज्याच्या अंगाला मी हात लावला, त्याला मी विकणार न्हाई. लंगडा असो, लुळा असो, माझ्याकडं असला तर माझ्याकडंच राहील."

"शब्द?" रामकिशन म्हणाला.

"शब्द. लिवून ठेव."

रामकिशननं शब्द न् शब्द ग्रुपवर टाकला. पण त्याच क्षणी त्याच्या टाळक्यात दुसराच दिवा पेटला. ती विकणार नाही, ठीक. पण तिच्या घरात कोण जातंय ते आपल्याला तर दिसतंय ना! झेरॉक्सच्या मशीनमागं खुर्ची जरा डावीकडं सरकवली की तिचं पुढचं दार दिसायचं, आणि उठून उभं राहिलं की मागच्या बोळाचं तोंडही.

तेव्हापासून रामकिशन मशीनपेक्षा दारच जास्त बघायला लागला. एखादा खेळाडू बोळात शिरला की शुक्रवारी त्याचा मालक त्याला विकायला काढायचा. ओट्यावरचाच, औषधाच्या दुकानातला बसवंत मलमांच्या खपावरून अंदाज बांधायला लागला. खुद्द चन्नबसप्पा घरातल्या घरात पडद्याआडून डोकवायचा. गुरम्मानं एकदा पडदा सरकवला तर नवरा समोरच.

"काय शोधून राहिले?"

"चष्मा."

"डोळ्यावर हाय."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पोरांनी तिच्याकडं येणं बंद केलं. घरात पाऊल टाकलं की गावभर बोभाटा होतो, तर जावं कशाला? बचावाला खेळणारा हाणेगावचा एक बॅक चार दिवस निखळलेला खांदा तसाच घेऊन हिंडला, आणि आला तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. खांदा जागेवर बसवताना तो पोरगा असा ओरडला की गुरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा हात झोळीत, गळ्यात बांधून दिला आणि ती चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. चन्नबसप्पाला ते हसू ओळखीचं होतं. लग्नानंतर त्यानं ते तीन-चारदाच पाहिलं होतं, आणि दर वेळी कुणाची तरी फजिती झाली होती.

संक्रांत झाली होती. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घरात भरपूर होता. गुरम्मा बुधवारी सकाळी चालत मैदानावर गेली. सराव करणारी सगळी पोरं, कॉलेजला येणारी बाहेरगावचीही, तिच्याभोवती जमली.

"उद्या दुपारी माझ्याकडं शेंगापोळी खायला या. ज्याला दुखतंय त्यानंही या, ज्याला न्हाई त्यानंही या. पुढच्या दारानं या. एकेकानं या."

"एकेकानं का, अक्का?"

"तवा एकच हाय."

गुरुवारी दुपारी दोनपासून रामकिशनच्या डोळ्यांदेखत तिच्या दारात रांग लागली. पहिला हाणेगावचा. मग मुखेडचे दोघे, एकामागून एक. मग बिलोलीचा शिवांश. मग देगलूरचे सहा. प्रत्येक जण आत गेला की दार लागायचं आणि पाच-सात मिनिटांनी उघडायचं. आत प्रत्येकाला आधी पाटावर बसवून गुरम्मा गुडघ्याला तेलाचं बोट लावायची, मग तुपाचा गोळा ठेवलेली गरम पोळी पुढं करायची. ज्याला खरंच दुखत होतं त्याचं दुखणं तिथंच बघितलं गेलं, निवांत, कुणालाही पत्ता न लागता.

बाहेर पडताना काय करायचं हे तिनं कुणाला शिकवलं नव्हतं. पण पोरंच ती. पहिला नीट चालत गेला. दुसऱ्यानं समोर रामकिशनची लांब झालेली मान बघितली आणि एक पाय ओढायला लागला. तिसऱ्यानं कंबर धरली. मुखेडचा एक जण तर उजव्या पायानं लंगडत निघाला आणि कोपऱ्यावर गेल्यावर विसरून डाव्या पायानं लंगडायला लागला. व्यंकटी सगळ्यात शेवटी आला. त्याचा घोटा केव्हाच बरा झाला होता. तो मात्र दारात थांबलेल्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून, डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात "अय्यो यप्पा" करत बाहेर पडला.

रामकिशननं सगळे कागदावर टिपले आणि मोजले, सतरा जण. त्या नादात एका म्हाताऱ्याच्या सातबाऱ्याच्या चाळीस प्रती निघाल्या.

शुक्रवारी ओट्यावर बाजार भरला, फिरतीवर गेलेला बजरंग तेवढा नव्हता. जो तो आपला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघत होता, आणि दुसराही तेच करत होता. बसवंतनं मुखेडचे दोघे दिले आणि तेवढेच लंगडे हाणेगावचे घेतले. रामकिशनचा सगळा जीव व्यंकटीत अडकला होता. पण त्याला घेणार कोण?

"द्या मला," गुरम्मा म्हणाली. "निलंग्याचा बॅक घ्या त्याच्याबदली. तो माझ्या दारात कधी आला न्हाई, बघा तुमच्या टिपणात."

रामकिशननं टिपण बघितलं. खरंच आला नव्हता. त्यानं सौदा केला आणि मग त्याला काहीतरी टोचलं. "वहिनी, तुमचा नियम..."

"काढ की वाचून."

त्यानं मोबाइल काढला. ज्याच्या अंगाला मी हात लावला, त्याला मी विकणार नाही.

"विकणार न्हाई," गुरम्मा म्हणाली. "घेणार न्हाई असं कुठं हाय? आता तो माझ्याकडंच राहील बघा, शेवटपर्यंत."

रविवारी व्यंकटीनं मुखेडवर दोन गोल घातले. दुसरा घातल्यावर मैदानभर लंगडत धावला. सगळी पोरं हसून लोळली, आणि कठड्याशी उभा असलेला रामकिशन लालबुंद झाला.

"ही फसवणूक हाय!" तो त्या संध्याकाळी म्हणाला. "तुम्ही सांगितलं की सतरा जण दुखणेकरी!"

"मी कुणाला काय सांगितलं? शेंगापोळी केली. सतरा जणांनी खाल्ली."

"मग त्यातले खरे दुखणेकरी किती?"

"चार."

"कोण कोण?"

गुरम्मा कप गोळा करून आत निघून गेली. त्यानंतर दारावर पहारा ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही, आणि पोरं पुन्हा यायला लागली. हव्या त्या दारानं.

शेवटच्या आठवड्यात गुरम्मा सगळ्यांच्या पुढं होती. अंतिम सामना बिलोली आणि देगलूरचा. शुक्रवारी सकाळी शिवांश आला, उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं घेऊन. बोट जागेवर बसलं, पण रविवारी चेंडू अडवणं शक्य नव्हतं. "कप्तानाला तूच सांग," ती म्हणाली. "आज सांग, त्यांना दुसरा गोलकीपर तयार करू दे." त्यानं मान डोलावली.

आणि त्याच संध्याकाळी रामकिशन तिच्यापुढं हात जोडून बसला. "वहिनी, शिवांश द्या. देगलूरचा व्यंकटीखालोखालचा फॉरवर्ड देतो."

"न्हाई."

"माझा बिलोलीचाही घ्या, बदल्यात तुमचा कुठलाही द्या."

"न्हाई म्हणलं ना."

सौदा केला असता तर ती जिंकली असती. रामकिशनची फजितीही पुन्हा झाली असती. आतून ते तिला हवंहवंसं वाटत होतं, इतकं की तिनं हातातली बशी घट्ट धरून ठेवली होती. आणि नकारावरून रामकिशनला काही कळायचीही भीती नव्हती. शेंगापोळीच्या त्या गुरुवारी सतराच्या सतरा गुडघ्यांना तिचं बोट लागलं होतं, त्यामुळं ती कुणालाच विकू शकत नव्हती, दुखऱ्यालाही आणि धडधाकटालाही.

रविवारी शिवांश बसून राहिला. गुरम्माचे तीन गुण कापले गेले, आणि दोन गुणांनी ती दुसरी आली.

पहिला आला बजरंग. पाचवा गडी. मंडप-डेकोरेशनवाला. लगीनसराईत बांबू आणि कनाती घेऊन लातूर ते नांदेड फिरत होता. डिसेंबरपासून त्यानं ओट्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, एकही सौदा केला नव्हता, ग्रुपही उघडला नव्हता. चन्नबसप्पानं फोन लावला तेव्हा मागं बँड वाजत होता.

"बजरंग, अरे तू जिंकलास!"

"कशात?"

सगळ्यात शेवटी राहिलेल्यानं आपल्या शेतात हुरडा द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. रामकिशन शेवटून पहिला होता. पुढच्या रविवारी त्याच्या शेतात आगटी पेटली, कोवळी कणसं भाजली गेली, आणि यजमान स्वतः हात पोळत हुरडा चोळून वाढायला लागला. शेंगदाण्याची चटणी होती, दही होतं, गूळ होता. बजरंगही आला होता, आणि आपण नक्की काय केलं ते सगळ्यांना विचारत होता.

रामकिशन गुरम्माच्या ताटाशी येऊन उकिडवा बसला.

"वहिनी, आता तर खेळ संपला. ते चौघं कोण होते, तेवढं सांगा."

"लई इच्छा हाय?"

"लई."

"तुमच्या गुडघ्यातून बसताना आवाज येतो, रामकिशनभाऊ. कधीपासून?"

रामकिशननं चपापून इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकलं नाही ना, याची खात्री केली. "हळू बोला ना वहिनी," तो कुजबुजला. "घरी कळलं तर गाडी चालवू देणार न्हाईत."

"मग उद्या या," गुरम्मा म्हणाली आणि ताट पुढं केलं. "मागच्या दारानं. वाढा आता, गार होऊन राहिला."