गुरुजींचा हळू फिरणारा लघुग्रह

सौंसरच्या शाळेत मोरेश्वर गुरुजी गणित शिकवत अन् मी चित्रकला. गुरुजींपाशी एक जुनी दुर्बीण होती. मंगळ अन् गुरूच्या मधात दगडगोट्यांचा पट्टा आहे ना, त्यातला एक लघुग्रह ते दोन महिन्यांपासून रोज पाहून राहिले होते. बाकीचे लघुग्रह काही तासांत स्वतःभोवती गिरकी घेतात, याला मात्र कित्येक दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं. कारण त्याचा उजेड फार हळूहळू कमी-जास्त होई. "गुणवंता, हे अजून कोणाच्याच ध्यानात नाही आलं," म्हणत. वेधशाळेला पाठवायचं पत्रही लिहून तयार होतं.

तेवढ्यात छप्पनचा नोव्हेंबर आला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात, अन् नोकरीच्या कागदपत्रांसाठी गुरुजींना भोपाळचं बोलावणं आलं. जाताना रोजच्या नोंदींची वही माझ्या हाती दिली. "तुझी चित्रकाराची नजर. फिकं-गडद तुलेच कळते. नऊ दिवस सांभाळ."

अन् मी काय केलं? रोज संध्याकाळी पानठेल्यावर उभा राहून, सौंसर नागपूरसंगं जायला पाहिजे होतं की नाही, यावर घसा कोरडा करून राहिलो होतो. दुर्बिणीला एकदाही डोळा लावला नाही. नवव्या दिवशी एका बैठकीत नऊ नोंदी लिहून टाकल्या: कालच्यासारखाच. कालच्यासारखाच. लाज वाटते सांगायला!

गुरुजी आले, वही वाचली अन् मिटून ठेवली. "म्हणजे माझेच डोळे मले फसवत होते. बरं झालं बापा, तू वाचवलं. खोटं पत्र गेलं असतं." माझ्यासमोरच त्यांनी ते पत्र फाडलं. बोल ना लेका, बोल, असं मन ओरडत होतं. मी मात्र खाली पडलेले तुकडे वेचत राहिलो.

तीन वर्षांनी ते एक मासिक घेऊन माझ्या घरी आले. दुसऱ्याच कोणी तेच सिद्ध केलं होतं. आमच्या त्या नऊ दिवसांत लघुग्रहाचा उजेड हळूहळू उतरत अगदी फिका झाला होता, असा तक्ताही छापला होता. आता पकडला गेलो, असं वाटलं. सुटलो एकदाचा, असंही वाटलं.

गुरुजी म्हणाले, "तुझे डोळे तेव्हाच अधू झाले होते रे. अन् मी तुले थंडीत बसवलं. चाल, नागपूरले डॉक्टरले दाखवू."

गेलो. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. बाहेर येऊन मी सांगितलं, "चष्म्याचा नंबर निघाला." भर रस्त्यात गुरुजींनी माझे दोन्ही हात धरले अन् माफी मागितली. मी मागू दिली.