शेवळाचा खुलासा

मे महिन्यातल्या एका दुपारी माझं खातं अश्लीलतेच्या आरोपावरून बंद झालं. मी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तोवर माझ्यावर असला आरोप कोणी केला नव्हता. मी फार सोज्वळ आहे म्हणून नव्हे, सवड मिळाली नाही म्हणून.

त्या खात्यावर मी रानभाज्यांचे व्हिडिओ टाकत असे. भाजी आणायची, निवडायची, शिजवायची ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी करणारी मावशी. शाळेमागच्या वाडीत राहते. मी फक्त फोन धरायचे आणि मधेमधे “म्हणजे नेमकं किती वेळ शिजवायचं?” असले प्रश्न विचारायचे. दीडेक हजार लोक ते बघत. लग्न होऊन कल्याणकडे गेलेल्या आमच्या भागातल्या पोरी आईची आठवण झाली असं खाली लिहीत. ते वाचून दाखवलं की मावशी म्हणायची, लिव्हतात काय बी. पण पुढच्या वेळी चांगलं लुगडं नेसून यायची.

शेवळं मे संपता संपता येतात. पान फुटण्याआधी जमिनीतून सरळ वर येणारा वीतभर, जांभळट, टोकदार कोंब, म्हणजे शेवळ. बायका त्याच्या जुड्या बांधून आसनगाव स्टेशनबाहेर विकायला बसतात आणि चांगल्या घरातली माणसं पिशवी पसरून घेतात. मावशीनं अंगणात बसून एकेक शेवळ सोललं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकला, तो राहिला तर घसा खाजतो हे तीनदा सांगितलं, आणि काकडाची आंबट फळं ठेचून भाजीत घातली. व्हिडिओ टाकून मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत निरोप आला: नग्नता आणि लैंगिक कृती दाखवल्याबद्दल तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.

फोनमध्ये राहिलेला तोच व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. मावशीचं डोकं पदरानं झाकलेलं, हातात काकणं. मग शेवळाकडे पाहिलं, आणि व्हिडिओ तपासणाऱ्या यंत्राला काय दिसलं ते मलाही दिसलं. वीस वर्षं मी ती भाजी खात होते, असा विचार मनाला शिवला नव्हता. समाजाची नीती जपणाऱ्या त्या यंत्रानं तो कायमचा डोक्यात घातला.

निर्णय मान्य नसेल तर इथे दाबा, असं लिहिलं होतं. दाबलं. एक चौकोन उघडला. त्यात भाजीचं वर्णन, कृती, माझी नोकरी असं सगळं लिहायला घेतलं, तर निम्म्यातच अक्षरांची मर्यादा संपली. मग ओळख पटवायला कॅमेऱ्यापुढे तोंड डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, वर बघा. वळवलं, बघितलं. चार मिनिटांत उत्तर आलं की आमच्या पथकाने तुमचे प्रकरण अत्यंत काळजीपूर्वक तपासले असून निर्णय कायम आहे. चार मिनिटांत मावशीची एक जुडीसुद्धा सोलून होत नाही.

नवरा म्हणाला, कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या ग्रुपवर बातमी पोचलेली होती, आणि वाटेत शेवळ गळून पडून नुसती अश्लीलता उरली होती. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. शेवटी केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आमच्या भागातल्या दहाबारा शाळांवरच्या साहेबांनी, लेखी खुलासा मागवला.

खुलासा मला जमतो. सरकारी नोकरीत ती पहिली विद्या. “सविनय सादर करते की, सदर व्हिडिओमधील वस्तू ही भाजी आहे,” असं लिहिलं. ताजी शेवळं तोवर संपली होती, म्हणून मावशीनं वाळवून ठेवलेली मूठभर पुरावा म्हणून कागदात बांधून नेली. साहेबांनी चष्मा लावला, एक शेवळ हातात घेऊन उलटसुलट केलं, वास घेतला. काकडं मिळाली नाहीत तर चिंच चालते का, एवढंच विचारलं. मी चालते म्हटलं. मग त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: “वस्तू प्रत्यक्ष पाहिली. आक्षेपार्ह काही नाही.” पुडी परत दिली नाही. सरकारी कार्यालयाबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा कृतज्ञता वाटली. तिथं निदान कोणीतरी बघितलं होतं.

त्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीनं मला दुसऱ्याच कोणाचं तरी पान दाखवलं. त्यावर आमचा शेवळाचा व्हिडिओ होता, चहा उकळायच्या आतच कोणीतरी उतरवून घेतलेला. माझा आवाज पुसून एका पुरुषाचा भारदस्त आवाज चढवलेला: जंगलातली गुप्त जडीबुटी, पुरुषांच्या खास ताकदीसाठी, पावडर घरपोच. आणि मधोमध मावशीचा चेहरा. मी तक्रार केली. उत्तर आलं की या मजकुरात नियमभंग आढळला नाही. म्हणजे शेवळ शिजवणं तेवढं अश्लील होतं.

हे मावशीला सांगायची मला भीती वाटत होती. पोरं जेवून उठल्यावर ती पातेलं घासत बसली होती, तेव्हा फोन तिच्यापुढे धरला. तिनं हात धुतले, पूर्ण बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं.

“माजा तोंड हाय ना त्येच्यात?”

“आहे.”

“मला न इचारता.”

मी माफी मागितली. तिनं पातेलं पुन्हा पुढ्यात ओढलं. मग तिनं विचारलं, पावडर कशी करतात. मी म्हटलं, अख्खं शेवळ वाळवून दळत असतील. पिवळं न काढता? बहुतेक तसंच.

“मंग खाऊ दे,” ती म्हणाली. “बसतील घसा धरून.”

आम्ही दोघी हसलो. पण त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं माझा फोन मागून घेतला, शाळा सुटल्यावर वाडीत नेला, आणि दुसऱ्या कोणी कुजबुजत दाखवायच्या आत स्वतःच सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवला. तोंड माजा हाय, पावडर माजी नाय, असं तिनं घरोघर सांगितलं. फोन परत देताना नुसतं म्हणाली, झाला.

मी नवऱ्याच्या खात्यावरून त्या पानावर एक ओळ लिहिली: हे कच्चं खाऊ नका, घसा सुजेल. ती छळवणूक ठरवून काढून टाकण्यात आली, आणि नवऱ्याला तीन दिवस गप्प बसवण्यात आलं. घरात इतक्या वर्षांत मला ते जमलं नव्हतं.

गणपती होऊन गेल्यावर माझं खातं आपोआप परत आलं. कारण नाही, माफी नाही. पुन्हा स्वागत आहे, एवढंच. बाकीचे व्हिडिओ जागेवर होते, शेवळाचा तेवढा नव्हता. पावडरवाल्याचं पान मात्र तोवर दुप्पट वाढलं होतं.

पुन्हा सुरू करायचं का, मी मावशीला विचारलं. तिनं एक दिवस घेतला. मग अट सांगितली: हात दिसले तर चालतील, तोंड नाय. आणि टाकायच्या आधी तिला दाखवायचं.

आता प्रत्येक व्हिडिओ आधी ती बघते. आजवर दोन नाकारले. एकात अंगण सारवलेलं नव्हतं. दुसऱ्यात, तिच्या मते, मीच फार बोलत होते. तो मी पुन्हा काढला, कमी बोलून, आणि चांगला झाला.