अनुभवाचा रकाना

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होतो. शेजारच्या टेबलावरचे एक कारकून उद्योगासाठीच्या कर्जाचे अर्ज घ्यायचे. आलेल्या माणसाला आधी बसवायचे, मगच कागद मागायचे.

एकदा सातपुड्याकडची एक बाई पापडाच्या यंत्रासाठी आली.

"अक्का, धंद्याचा अनुभव?"

"काहीच नही शे भाऊ. सोळा वरीसपासून नुसता पापड लाटस नि बजारमा इकस."

त्यांनी रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'सोळा वर्षे'. मग तिला ते वाचून दाखवलं. बाई खुर्चीत जरा ताठ बसली.

मंजुरीचं पत्र मीच टाइप केलं. ते घेऊन रविवारी कारकून स्वतः एसटीने तिच्या गावाला निघाले.

"पोस्टाने गेलं असतं की," मी म्हणालो.

"गेलं असतं. पण तिला वाचून कोण दाखवणार?"