रिजेक्ट का रिवर्क?

चाकणच्या एका कंपनीत रक्तदान शिबिर होतं आणि मी रक्तदात्यांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासत होते. तो पन्नाशीचा होता. बोटांच्या रेघांत ऑइल मुरलेलं, म्हणून पुढं करण्याआधी त्यानं बोट पँटला तीनदा पुसलं. मशीनवर आकडा आला, तीनशे ऐंशी.

"काका, तुमचं रक्त नाही घेता येणार."

आकड्यावरची नजर न काढता त्यानं हळूच विचारलं, "रिजेक्ट का रिवर्क?"

त्यांच्या लायनीवर रिवर्कचा माल दुरुस्त करून परत घेतात. रिजेक्ट थेट भंगारात जातो.

"रिवर्क," मी म्हणाले. "पण आजच डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो. तेवढी पट्टी लावा ताई हितं. कॉन्ट्रॅक्टवर हाय मी. शुगर हाय कळलं तर ठेवायचे न्हाईत."

मी त्याच्या कोपराच्या आत पट्टी लावली. रक्त दिलेल्यांसारखा हात दुमडून तो निघाला. दारात सुपरवायझरनं त्याची पाठ थोपटली आणि सगळ्यांना देत होता तसं मँगो ज्यूसचं पाकीट त्याच्याही हातात ठेवलं. माझ्याकडे एकदा बघून त्यानं ते तिथंच, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

मी पुढच्या बोटाला सुई टोचली. पट्टी मीच लावली होती.