नागोजीच्या आजोबांचं लोखंड

कमरीपेठेत आमच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानासमोर नागोजी लोहाराचं छप्पर होतं. विळे, कोयते तो झकास करायचा. त्याहून झकास बढाया मारायचा. "आमच्या आज्यानं अळणावरच्या रानात दगडातनं लोखंड काढलंय. रक्तातच हाय आमच्या," हे मी रोज सकाळी चहाबरोबर ऐकत आलो. फुकट असल्यामुळे कधी हरकत घेतली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मालतीबाई आल्या आणि नागोजीची पंचाईत झाली. या बाई आफ्रिकेत, टांझानियात दोन वर्षं राहून जुन्या भट्ट्यांचा अभ्यास करून आलेल्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्यासमोर मातीची भट्टी रचून दगडातून लोखंड काढून दाखवलं होतं. आता त्यांना तेच आपल्याकडे बघायचं होतं.

"जमेल का अण्णा?" बाईंनी विचारलं.

"जमेल का म्हंजे? नाही निघालं तर कमरीपेठेत तोंड दाखवणार नाही बघा!"

हे सगळ्या गल्लीने ऐकलं.

खरं तर आजोबांची भट्टी नागोजीच्या जन्माआधीच विझली होती. ती पाहिलेलं एकच माणूस घरात उरलं होतं, ऐंशीची तानूआत्या. पण बोलता बोलता बाई म्हणाल्या होत्या, की त्यांनी पाहिलं त्या गावात, पाहुणी म्हणून त्या स्वतः सोडल्या तर, भट्टीजवळ बायकांना येऊ देत नाहीत. नागोजीला हे फारच पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या घराण्याची सात पिढ्यांची रीत झाली. बाईंना तेवढी सूट, कारण त्या अभ्यासाच्या.

केलगेरीच्या तळ्याजवळ भट्टी रचली. आत्याला वीस पावलांवर आंब्याखाली बसवलं. लोखंडाचे दगड आणि कोळसा थरावर थर घालत सकाळपासून भाता चालला. दुपारी खालच्या भोकातून लालभडक रस वाहू लागला. "आलं लोखंड!" म्हणून नागोजीने नारळ फोडला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. रस थंड झाल्यावर त्याने ऐटीत घण घातला, आणि त्या लोखंडाचा काचेसारखा चुरा झाला.

नागोजीचा चेहरा बघवेना. रोज त्याची टर उडवणारा मी, पण त्या वेळी मला खरंच वाईट वाटलं. मान खाली घालून तो भाता सोडवू लागला, तेवढ्यात आंब्याखालून आवाज आला.

"खुळ्या, तो मळ रे! लोखंड वाहत नसतंय. ते आत पोटात बसतंय. भट्टी फोड."

"तुला काय ठाऊक, आत्या?"

"माझ्या अप्पाचा भाता धा वर्सं मीच दाबला की. तुझा बाप तवा शेरडं राखत होता."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"'सुम्ने, गप बैस, तोंड उघडू नको' म्हणालास न्हवं? सात पिढ्यांची रीत मी कशी मोडू?"

भट्टी फोडली. आत नारळाएवढा, भोकाभोकांचा, रसरशीत गोळा होता. आत्या काठी टेकत जवळ आली, "घण नको, लाकडानं हळू ठोक," म्हणाली. नागोजी ती सांगेल तसा ठोकत राहिला. गोळा फुटला नाही, आवळत गेला.

मालतीबाईंनी वही उघडली. "कारागीर म्हणून तुमचं नाव घालते, अण्णा."

नागोजीने तोंड उघडलं. आता आजोबा निघणार म्हणून मी मनाची तयारी केली.

"तानूबाई लिवा," तो म्हणाला. "मी भाता दाबणारा."

आत्याला अक्षरओळख नव्हती. आपलं नाव कुठं लिहिलंय ते तिने बाईंना विचारलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.