मांजरीचं पथ्य

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझी पत्नी वारली. संध्याकाळी मी डोंबिवलीच्या घरी परतलो, तेव्हा तिची मांजर दाराशी बसली होती.

पुढचे दिवस वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांभाळले. त्या पत्नीच्या मैत्रीण, मला भाऊजी म्हणतात. रोज संध्याकाळी डबा ठेवून जात. आधी डाळभात, दिवसकार्य उरकल्यावर कोंबडीचा रस्सा, कधी बोंबील. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि भरलेला डबा परत करणं जमत नव्हतं. म्हणून तुकडे पाण्याखाली धुऊन मी मांजरीपुढे ठेवत असे. रिकामा डबा देताना म्हणत असे, छान झालं होतं.

महिन्याभरात मांजर मान खाजवू लागली. कानामागचे केस गेले, कातडी सोलली, रक्त येऊ लागलं. भेटायला येणारे म्हणत, मुक्या जिवालाही कळतं. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर त्यात आधारही वाटला होता.

कल्याणच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधी पिसवा शोधल्या. नव्हत्या. मग त्यांनी जुनी फाइल काढली.

"हिला कोंबडी आणि मासे चालत नाहीत. तुमच्या मिसेसना तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि त्यांनी पथ्य नेटानं पाळलं. तुम्ही काय देताय?"

मांजरीची वेगळी वाटी, डॉक्टरांकडून आणलेलं वेगळं खाणं, पत्नीचं "ताटातलं देऊ नका हं तिला" – हे सगळं मी तीन वर्षं पुस्तकातून मान वर न काढता ऐकलं होतं.

डॉक्टरांनी खाजेचं औषध दिलं. आठ आठवडे तेच खास खाणं, दुसरा कणही नाही. डबा घरात येत राहिला तर ते होणार नव्हतं. त्या संध्याकाळी मी बाईंना खरं सांगितलं.

"म्हणजे दोन महिने मी मांजरीला जेवू घालत होते? आणि वर तुम्ही म्हणायचात, रस्सा छान झालेला!"

"तिची तक्रार नव्हती," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग हसू थांबलं. "आणि तुम्ही काय खात होतात, भाऊजी?"

"चहा. बिस्किटं."

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "आधी तिला आतल्या खोलीत घाला, कडी लावा. मग झाकण उघडते. आणि तुम्ही जेवल्याशिवाय मी उठायची नाही."

माझ्या जुन्या पायजम्याची मऊ पट्टी शिवून त्यांनीच मांजरीच्या गळ्यात बांधली. त्या तिला टॉवेलात धरत, मी नखं कापत असे. खाज उठली की मी गार पाण्यात पिळलेलं फडकं मानेवर ठेवी. मग ती डोळे मिटून पडून राही. तीन वर्षं माझ्या पाठीमागे तिला असंच जपणं चाललं होतं. पत्नीचे आभार मानायचे राहून गेले. बाईंचे मानायला गेलो, तर त्यांनी ताटात आणखी भात वाढला.

पाचव्या आठवड्यात खपल्या पडल्या. आठव्यात ती खाजवायची थांबली.

कानामागे बोटभर जागेत केस परत आले नाहीत. बाकी मांजर बरी आहे. रोज साडेसातला आम्ही दोघं जेवतो. ती आतल्या खोलीच्या दाराआड, मी बाहेर.