एकदाही न पडलेला कॅप्टन

कानिफनाथ दहिफळे खऱ्या विमानात आजवर एकदाही बसलेला नाही, पण त्याला कॅप्टन म्हटलं नाही तर त्याचं नाक फुगतं. वय बावन्न. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. रविवारी दुपारी जेवण उरकलं की हा गडी भंगारातून आणलेल्या जीपच्या सीटवर बसतो. डाव्या हाताला लेथच्या हँडलचा स्वतः केलेला, वेग कमीजास्त करायचा थ्रॉटल, उजव्या हाताला जॉयस्टिक, कानाला हेडफोन. समोरच्या संगणकावर दुसरं महायुद्ध सुरू होतं. बायको जया दारातून विचारते, "बसले का इमानात? दळन कोन आननार?" हा नुसता हात वर करतो. लढाईवर निघालेल्या माणसाला दळण सांगतात का?

तसा तो पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, हा वसतिगृहात राहून शिकला, आयटीआय करून टर्नर झाला. त्यात नावं ठेवण्यासारखं काहीच नाही. पण कारखान्यात संप झाला तेव्हा नेमकं याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. क्रेनची साखळी अडकली की शिडीवर हा दुसऱ्याला चढवतो आणि खालून "सांभाळून रे" म्हणून ओरडतो. अशा माणसाला शौर्याची भारी हौस असते, फक्त ते घरात बसून करता आलं पाहिजे.

त्याचा आठ जणांचा गट आहे. सगळे आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र येतात आणि जुन्या हवाई आणि सागरी लढाया जशा झाल्या तशाच पुन्हा लढतात. जिंकायचं नसतं. इतिहासात जो पडला त्याने पडायचं, जो परतला त्याने परतायचं. कोणी कोण व्हायचं याची यादी कानिफनाथ करतो, आणि सहा वर्षांत त्याचं नाव दर वेळी परतणाऱ्यांतच निघालं. कोणी हसलं की म्हणायचा, "इतिहासातच तसं हाय, मी काय करू?" पडलेल्याने माइक बंद करून शेवटपर्यंत गप्प राहायचं, हाही त्याचाच नियम. "मेलेला मानूस कदी बोलतो व्हय?" मग लढाई संपली की हा एकटाच तासभर बोलणार. दोन पाडली, तिसरं पळवलं, पंखाला भोकं पडली तरी मागं फिरलो नाही. संगमनेरच्या दोन पोरांनी एकदा ऐन वेळी विमान वळवलं, तर त्यांना पळपुटे म्हणून गटातून हाकललं होतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धातली मिडवेची लढाई ठरली, अमेरिका विरुद्ध जपान. तीत पंधरा टॉर्पेडो विमानं जपानी जहाजांवर गेली आणि एकही परत आलं नाही. पाण्यालगत, संथ, नाकासमोर उडायचं, कारण वळलं की टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून जहाजावर सोडायचा बॉम्ब, वाया. यादीत कानिफनाथ अर्थातच त्या पंधरांत नव्हता. तो मागाहून येऊन जहाजं बुडवणाऱ्यांत होता.

"या वेळी चिठ्ठ्या टाकू," सुकन्या म्हणाली. ती अकोल्याला शाळेत शिकवते. दोन वर्षांत चाळीसेक वेळा पडली होती. "तुम्हाला टॉर्पेडो आला आणि तुम्ही सरळ गेलात, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर कॅप्टन मतं घेऊन निवडायचा."

अंगदचं राहात्याला बियाण्यांचं दुकान आहे. त्याने सगळ्यांना दिसेल असा कॅमेरा लावून मक्याच्या बियाण्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. सातवी चिठ्ठी टॉर्पेडोची निघाली, आणि तीच कानिफनाथची. हरकत घ्यायला इतिहासात काही सापडेना. कॅप्टनकी गेली तर उरतो नुसता सुपरवायझर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी विमानं निघाली. सात जणांकडे टॉर्पेडो विमानं, पंधरांतली उरलेली आठ विमानं संगणक चालवणार. आठव्या माणसाने जपानी जहाज घेतलं होतं. समुद्रावर धूर दिसला आणि वरून गोळ्या सुरू झाल्या. अंगद गेला, सुकन्या गेली, पुढच्या दोन मिनिटांत बाकीचेही पाण्यात. एकेक माइक बंद होत गेला. उरला कानिफनाथ. समोर जहाज, तेही असं तसं नाही, चांगलं भिंतीएवढं. पडलं तर काय होणार होतं? जीपच्या सीटवरून उठून दळण आणायला जायचं, एवढंच. तरी याच्या हातातली जॉयस्टिक आपसूक उजवीकडे गेली. विमान वळलं, वर चढलं आणि ढगात शिरलं.

तिथे, आपल्याला कोणी बघत नाही अशा खात्रीने, हा माइकवर ओरडला, "लागली! इंजिन पेटलं! टॉर्पेडो सोडला... रामराम गड्यांनो!" आणि माइक बंद करून टाकला. खूश झाला. आवाज तर इतका कातर लागला होता की स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग निवांत ढगातून घिरट्या घालत बसला.

मिनिटभराने हेडफोनमध्ये सुकन्याचा आवाज आला. "डावीकडे डोंगर नाही ना समुद्रात? मग एवढं कशाला जपून उडवताय?"

कानिफनाथने चटकन माइक उघडला. "तुला कसं दिसतंय?"

उत्तर अंगदने दिलं. बिचारा हसतही नव्हता. "आवो, पडल्यावर पडदा काळा न्हाई होत. जो उडतोय त्याच्या इमानात बसल्यासारखं समदं दिसतं. तुमी कदी पडलाच न्हाईत, तुमाला कसं ठावं असनार?"

"कवापासून?"

"पहिल्या लढाईपासून. तुमी लांब ढगात फिरायचे, आमी समदे बगायचो. मग तुमी दोन पाडली म्हनून सांगायचे, ते बी ऐकायचो."

सहा वर्षं. कोणी वेडंवाकडं बोललं असतं तर बरं झालं असतं; निदान रागावून हेडफोन काढून फेकता आला असता.  पण उघड्या माइकमधून नुसता कोणाच्या तरी घरचा मिक्सर ऐकू येत होता.

"मतं घेऊ," कानिफनाथ शेवटी म्हणाला.

"ती आम्ही आताच घेतली, मेल्या मेल्या," सुकन्या म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, वर्गातल्या रडणाऱ्या मुलाशी बोलावं तसा. "पुढच्या रविवारची यादी मी करतेय. तुमचं नाव परतणाऱ्यांतच घातलंय, काका. चालेल ना?"

"चालेल," कानिफनाथ म्हणाला.